पत्रा नवा, नंबर जुना

2013 च्या शरद ऋतूत मी बर्मिंगहॅमला एम.एस्सी.साठी नुकतीच आले होते. धातूंचं क्षरण हा विषय घेतला आहे असं कळल्यावर आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, आधी कॉसफर्डला जाऊन ये. वुल्व्हरहॅम्प्टनच्या पुढे, रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाची एक शाखा तिथे आहे. गेले, तर आवारात दोन लांबलचक प्लास्टिकचे बोगदे. आपल्याकडे नाशिक-सांगलीला ढोबळी मिरचीसाठी उभारतात ना, थेट तसली पॉलिहाउस. आत मिरचीऐवजी एक जर्मन बॉम्बर होता आणि त्याच्यावर सतत बारीक फवारा चालू होता.

ते डॉर्निअर 17. लांब, बारीक अंगामुळे त्याला 'उडती पेन्सिल' म्हणत. दोन हजारांच्या आसपास बनली, आणि युद्धानंतर अख्खं म्हणावं असं एकही उरलं नव्हतं. 2008 मध्ये केंटच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर, गुडविन सँड्स या सरकत्या वाळूच्या दांड्यावर, एक विमान उलटं पडलेलं सापडलं. जेमतेम 15 मीटर पाण्यात. वाळूने त्याला सत्तर वर्षं झाकून ठेवलं होतं आणि वाळूच हळूहळू त्याच्यावरून बाजूला होत होती. पाणबुड्यांनी कळवलं, की मोठ्या चाकांच्या टायरमध्ये अजून हवा आहे. 26 ऑगस्ट 1940 ला ब्रिटिश डिफायंट विमानांनी पाडलेलं ते हेच, असं बाहेर काढताना मानलं गेलं. चार जण होते त्यात. दोघे वाचून युद्धकैदी झाले. दोघे गेले.

उघडं पडलेलं विमान मासेमारीच्या जाळ्यांपासून आणि भरतीच्या ओढीपासून वाचणार नव्हतं. म्हणून वर काढायचं ठरलं. नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडाने साडेतीन लाख पौंडांच्या आसपास मदत दिली. विमानाभोवती समुद्रतळावरच एक सांगाडा बांधायचा आणि त्यासकट ते उचलायचं, अशी मूळ योजना होती. वाऱ्याने आणि लाटांनी आठवडेच्या आठवडे खाल्ले, पैसे संपत आले. शेवटी सांगाड्याचा नाद सोडून विमानाच्या सगळ्यात मजबूत भागाला दोर बांधले आणि 10 जून 2013 च्या संध्याकाळी ते पाण्याबाहेर आलं.

बातम्या इथे संपल्या. माझ्या विषयाच्या माणसांसाठी खरी धावपळ इथून पुढे सुरू होते.

ॲल्युमिनियम हा तसा स्वतःची काळजी घेणारा धातू. हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि आतलं शाबूत राहतं. पण विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो. त्यात ताकदीसाठी सुमारे चार टक्के तांबं घातलेलं असतं, आणि समुद्राच्या मिठातलं क्लोराइड तांब्याच्या आजूबाजूच्या कच्च्या जागा बरोबर हेरतं. बारीक खळगे पडतात, क्लोराइड त्यात दडून बसतं. वाळूखाली ऑक्सिजन कमी, म्हणून सगळं संथ चालतं. बाहेर काढलं की मीठ, ओल आणि भरपूर हवा असे तिघे एकत्र येतात. समुद्राने सत्तर वर्षांत केलं नाही तेवढं नुकसान मग काही महिन्यांत होऊ शकतं. वाचवणं आणि नासवणं यांत अंतर एवढंच.

उपाय लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी बसवला: पाण्यात मिसळलेलं सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबात असतं तेच. माझी आजी देवाची पितळी भांडी चिंचेने घासायची, त्याच्याच जवळचा हा प्रकार. फरक इतकाच, की आजीला भांडं लखलखीत करायचं असे आणि इथे चकाकी कोणालाच नको होती. आम्ल जास्त झालं तर पत्राच खाणार, म्हणून त्यात अल्कली घालून सामू 5.5 च्या आसपास ठेवायचा, शिंपल्यांचा थर मऊ करायचा आणि खळग्यांतलं मीठ धुऊन काढायचं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, वर्षानुवर्षं. त्या बोगद्याबाहेर मी तासभर उभी होते. पुढे याच विषयात पीएच.डी. केली, त्याचं थोडं श्रेय त्या फवाऱ्याला.

पण एक प्रश्न मला रसायनशास्त्रात सापडला नव्हता. तो बाबांनी काढला.

बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी इकडे आले, तेव्हा राजवाडा वगैरे उरकल्यावर त्यांना विमानं दाखवायला उत्तर लंडनमधल्या हेंडनच्या संग्रहालयात नेलं. ट्यूबमध्ये मी त्यांना बनारसच्या हरिकेनची गोष्ट सांगितली. आर 4118 क्रमांकाचं हे विमान 1940 मध्ये क्रॉयडनहून ब्रिटनच्या लढाईत उडालं. 1943 च्या अखेरीस भारतात पाठवलं गेलं आणि 1947 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना शिकायला दिलं गेलं. 1982 मध्ये जुन्या रोल्स-रॉइस गाड्यांच्या नादाने भारतात फिरणाऱ्या पीटर व्हॅकर या इंग्रज गृहस्थांना ते उघड्यावर, झाडाझुडपांत पडलेलं दिसलं. ते विसरले नाहीत. दीर्घ वाटाघाटींनंतर 2001 मध्ये त्यांनी ते इंग्लंडला नेलं. तीन वर्षं काम चाललं आणि डिसेंबर 2004 मध्ये आर 4118 पुन्हा आकाशात गेलं.

"पत्रे बदलले असतील," बाबा म्हणाले.

अर्थात बदलले. माणूस बसवून उडवायचं विमान आहे, खाल्लेला पत्रा आणि कुजलेलं लाकूड ठेवून कसं चालेल? आणि बनारसचं विमान निदान एकसंध होतं. समुद्रातून किंवा दलदलीतून काढलेल्या अवशेषांवरून उडतं विमान उभं करतात, तेव्हा मूळचं किती कमी उरतं ते सांगितल्यावर बाबा हसले. "म्हणजे पत्रा नवा, नंबर जुना. आमच्याकडे असं करणाऱ्यावर केस होते."

मी भारतीय बाजू सावरायला कानपूर काढलं. युद्ध संपल्यावर चकेरीच्या धावपट्टीवर अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बर टाकून दिली होती. कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून, इंजिनात वाळू घालून. स्वातंत्र्यानंतर हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यातली सुमारे 40 डागडुजी करून उडवत बंगलोरला नेली. 1948 पासून हवाई दलाने ती वापरली, थेट 1968 पर्यंत. त्यातलंच एक 1974 मध्ये भारताने याच ब्रिटिश संग्रहालयाला भेट दिलं.

"ते वेगळं," बाबांचा निकाल. "ते काम होतं. गाडी रोडवर पाहिजे होती."

मला हे पटलं, अजूनही पटतं. कानपूरच्या मिस्त्रींना इतिहास जपायचा नव्हता. म्हणूनच कदाचित त्यांच्या हातून तो इतका धडधाकट राहिला. उडत्या हरिकेनचा आवाज ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण 1940 मध्ये नेमकं काय घडलं हे त्या विमानाला विचारायचं म्हटलं, तर नवा पत्रा काय सांगणार? गोळीचं भोक, वाकलेलं पातं, कारखान्यातल्या कोणी पेन्सिलीने केलेली खूण हे सगळं जुन्या पत्र्यावर असतं. आणि चांगल्या दुरुस्तीत पहिल्यांदा जातं ते हेच.

हेंडनला मग हॅलिफॅक्स दिसलं. अंधाऱ्या दालनात, काळपट, फाटलेलं, पोटावर बसलेलं. 27 एप्रिल 1942 ला नॉर्वेत टिरपिट्झ या जर्मन युद्धनौकेवर हल्ला करताना ते निकामी झालं आणि वैमानिकाने ते एका गोठलेल्या तळ्यावर उतरवलं. बर्फ वितळल्यावर विमान तळाशी गेलं. 1973 मध्ये पाणबुड्यांनी सुमारे 27 मीटर खोलीवरून ते वर आणलं. तळ्याचं पाणी गोडं आणि थंड, मीठ नाही, त्यामुळे डॉर्निअरसारखे हाल झाले नव्हते. आणि संग्रहालयाने ते नवं केलं नाही. जसं निघालं तसं ठेवलं.

बाबा कठड्यापाशी बराच वेळ थांबले. मागे जाऊन शेपटीकडून पाहिलं, परत पुढे आले. मग म्हणाले, "डेपोत अपघाताची गाडी आली की पंचनामा होईपर्यंत कोणी पान्यालाही हात लावायचा नाही. साहेब कितीही ओरडू देत. ही तशीच उभी केलीय."

"हो, तशीच."

"माणसं?"

"सगळी वाचली. एकाचा घोटा मोडला होता, तो पकडला गेला. बाकीचे चालत स्वीडनला पोचले."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने, कॉफीच्या रांगेत उभे असताना, एकदम विचारलं, "आणि तुझं ते लिंबू लावलेलं?"

"चारातले दोन."

"मग ते चकचकीत करू नका म्हणावं," बाबा म्हणाले, आणि सुटे पैसे मोजायला लागले.