आहारनियमांचे भंग आणि त्यांची दुरुस्ती : गांधींचे प्रयोग व पूर्व विदर्भाचा तांदूळ

आहार व व्यायाम यांचे नियम माणसाने कसे बांधावेत याविषयी विपुल लिहिले गेले आहे. ते मोडल्यानंतर तो काय करतो, याचा इतिहास मात्र क्वचितच सापडतो. कारण मोडलेल्या नियमाची नोंद ठेवण्याची हौस कोणास नसते. मोहनदास करमचंद गांधी हे या बाबतीत ठळक अपवाद होत. त्यांच्या आहारप्रयोगांचे वर्णन करणारे लेखक बहुधा त्यांच्या निग्रहावर थांबतात. प्रस्तुत लेखकास त्यांची पीछेहाट अधिक बोधक वाटते.

१९१४ साली लंडनमध्ये त्यांस फुप्फुसावरणाच्या दाहाचा विकार जडला. नुकत्याच केलेल्या दीर्घ उपवासानंतर अंगी पुरते बळ येण्यापूर्वीच आपण चालण्याचा व्यायाम वाढविला, असे त्यांनी स्वतःच आत्मकथेत लिहिले आहे. चालणे ही त्यांची शाळकरी वयापासूनची सवय. तीच अवेळी घातक ठरली. दूध घ्यावे असा डॉ. जीवराज मेहतांचा व गोखल्यांचा आग्रह होता. गांधींनी १९१२ मध्ये दूध वर्ज्य केलेले असल्याने तो त्यांनी मानला नाही.

याहून मोठा भंग १९१८ सालचा. खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडत असता शेंगदाण्याचे लोणी व लिंबू एवढ्यावरच ते मुख्यतः राहत. पुढे एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी केलेली गव्हाची गोड लापशी व मूग त्यांनी पोटभर खाल्ले आणि अतिसाराने अंथरूण धरले. प्रकृती सुधारेना, तेव्हा डॉ. दलालांनी दुधाचा आग्रह धरला. व्रत घेताना मनात गाई-म्हशीचेच दूध होते, या आधारावर त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. व्रताचे अक्षर राखले, आशय मोडला, ही त्यांची कबुली मननीय आहे. भंग झाला म्हणून त्यांनी सारा आहारविचार टाकून दिला नाही, आणि भंग झालाच नाही असेही भासविले नाही.

१९२९ च्या उन्हाळ्यात, आंध्रच्या दौऱ्यात, राजमहेंद्रीस निसर्गोपचार करणारे सुंदरम् गोपाळराव यांच्या सांगण्यावरून त्यांनी न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग आरंभिला. मोड आलेले गहू व हरभरे, कच्च्या पालेभाज्या, लिंबू, मध असा तो आहार होता. काही आश्रमवासीयही त्यात सामील झाले. ऑगस्टपर्यंत आमांशाने त्यांस प्रयोग सोडणे भाग पडले आणि 'यंग इंडिया'त त्यांनी तो फसल्याचे प्रसिद्ध केले. व्रत मोडणे व प्रयोग फसणे यांत त्यांच्या लेखी आता अंतर पडले होते. व्रत मोडले की मनुष्य दोषी ठरतो. प्रयोग फसला की तपासावयाचा तो प्रयोग.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन वर्ध्याची मगनवाडी त्याचे केंद्र झाली, तेव्हा हा विचार एका व्यक्तीपुरता उरला नाही. तेथे हिरवा पाला, सोयाबीन, गूळ आणि हातसडीचा तांदूळ यांचे प्रयोग झाले. वर्धा हा ज्वारीचा मुलूख. तांदळाचा प्रश्न खरा तर पूर्वेकडील, म्हणजे वैनगंगेकाठापासून खाली सिरोंचापर्यंतच्या भातप्रदेशाचा होता. १८७४ पर्यंत अपर गोदावरी जिल्ह्याचे ठाणे असलेले सिरोंचा ज्या प्राणहितेकाठी वसले आहे ती पुढे गोदावरीस मिळते, आणि त्या गोदावरीच्याच खालच्या अंगास राजमहेंद्री आहे, हा एक योगायोग.

गिरणीत कोंडा निघून जातो व त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्वही जाते. सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा विकार होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन यांनी दाखविले होते. तरीही हातसडीचा तांदूळ मागे पडला. कोंड्यातील तेलामुळे तो लवकर खवट होतो, हे एक कारण. दुसऱ्याविषयी ग्रामोद्योगाच्या पुरस्कर्त्यांनी पुरेसा विचार केला होता असे वाटत नाही. हातसडीचे गुणगान करणारे बहुतेक लेखक पुरुष होते आणि मुसळ स्त्रियांच्या हाती होते. गिरणी आल्यावर ज्यांनी ते खाली ठेवले, त्यांस आळशी म्हणणे अन्यायाचे होईल.

१९४२ मध्ये आगाखान राजवाड्यातील बंदिवासात गांधींनी 'आरोग्याची किल्ली' लिहिली. दक्षिण आफ्रिकेतील आरोग्यविषयक लेखनात त्यांनी दुधास विरोध केला होता. येथे नेहमीच्या शाकाहारात दूध आवश्यक मानले आहे. तीस वर्षांच्या फसगतींचा निष्कर्ष त्या एका दुरुस्तीत आहे. स्वतःची ताटली बदलण्याची मुभा त्यांस नेहमीच होती, हे मात्र विसरता येत नाही. सिरोंचाकडच्या गरीब कुळाच्या घरी जे शिजे, ते नियमाने नव्हे, हंगामाने ठरे.

२०२१ मध्ये केंद्र शासनाने शिधावाटपाचा तांदूळ २०२४ पर्यंत पोषणयुक्त करण्याचे जाहीर केले. त्यात लोह, फोलिक आम्ल व ब-१२ मिसळणे आवश्यक ठरविले गेले. कोंड्याबरोबर गेलेले ब-१ त्या आवश्यक यादीत नव्हते.