काचेची पेटी

मातृप्रेमाविषयी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे. मूल जन्मले, की त्याच क्षणी आईच्या ठायी वात्सल्याचा झरा फुटतो. आणि फुटला नाही, तर त्या बाईचेच काहीतरी चुकले! ओव्यांनी आणि अंगाईगीतांनी ही समजूत गोंजारली, कीर्तनकारांनी तिला दृष्टान्त पुरवले. पण बाळंतिणीच्या खोलीत, शेगडीच्या उबेत, एखादी विशीतली पोर कुशीतल्या मुलाकडे परक्यासारखी पाहत असते आणि ते कुणाला सांगू धजत नाही. इतिहासाने तिची बाजू घेतली आहे, हे तिला ठाऊक नसते. तो इतिहास सुरू होतो मात्र कोंबडीच्या अंड्यांपासून.

१८७८ साली पॅरिसच्या एका प्राणिसंग्रहालयात स्तेफान तार्निए या प्रसूतिवैद्याने अंडी उबवण्याची पेटी पाहिली. कमी दिवसांची मुले गारठून दगावतात. त्यांना अशी ऊब दिली तर? त्याने तशी पेटी करवून घेतली, आणि पुढल्या दोन-तीन वर्षांत ती तिथल्या मातेर्निते रुग्णालयात आली. दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ६६ होते, ते ३८ वर आले. अपुऱ्या दिवसांच्या मुलाला आपण आजही ‘काचेच्या पेटीत’ ठेवले म्हणतो, ती ही पेटी.

पेटीने मूल वाचवले, पण ते आईच्या हातांपासून दूर नेले. ही खोच प्रथम ओळखली ती तार्निएचा शिष्य प्येर ब्युदॅं याने. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने नोंदवले, की ज्यांना मुलाला पाजता-जोजवता येत नाही, अशा काही आयांची त्या मुलावरची माया लवकरच आटते. त्याने त्यांना निर्दय म्हटले नाही. आयांना बोलावून घ्या, अंगावर पाजू द्या, असा आग्रह धरला.

त्याचे ऐकले थोड्यांनी. अमेरिकेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थाने तर न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत अशा पेट्यांतली जिवंत मुले तिकीट लावून दाखवली! तिकिटाच्या पैशांतून शुश्रूषेचा खर्च निघे. आईबापांकडून तो एक पैसा घेत नसे, आणि हजारो मुले त्याने वाचवली, हेही खरे. पण बाळसे धरलेले मूल घरी न्यायला आईबापांचे मन वळवणे कधी कधी जड जाई, असे सांगतात. ब्युदॅंने हेच तर बजावले होते.

१९७२ साली अमेरिकेतल्या क्लाउस आणि केनेल या डॉक्टरांनी २८ पहिलटकरणींचा अभ्यास मांडला. त्यांतल्या निम्म्या जणींना पहिल्या तीन दिवसांत बाळाजवळ सोळा तास अधिक मिळाले होते. महिन्याने पाहिले, तर त्या बाळाला अधिक कुरवाळीत, त्याच्या डोळ्यांत अधिक पाहत. या अभ्यासाने रुग्णालयांची दारे आयांना उघडली, हे पुण्यकर्मच. पण लोकांनी त्यातून भलताच अर्थ काढला: पहिली घटका हुकली, की नाते कायमचे कच्चे राहिले! शस्त्रक्रियेने सुटलेल्या कितीतरी आया या धास्तीने खंतावल्या. पुढच्या संशोधनाने त्या धास्तीला आधार दिला नाही.

१९८० साली रॉबसन आणि कुमार यांनी इंग्लंडातल्या आयांना सरळच विचारले: बाळ प्रथम हाती घेतले, तेव्हा काय वाटले? पहिलटकरणींतल्या शेकडा ४० जणींनी, आणि दुसरेपणाच्यांतल्या शेकडा २५ जणींनी सांगितले, की विशेष काही वाटले नाही. बहुतेकींना आठवड्याच्या आत माया लागली. म्हणजे झरा सगळ्यांच्या अंगणात एकाच वेळी फुटत नाही.

दरम्यान, १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी पेट्या अपुऱ्या पडल्या. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन मुले. संसर्गाने मुले जात, काहींना आया सोडूनही जात. तेव्हा एदगार रेय या डॉक्टरांनी कांगारूचा धडा गिरवला: मूल आईच्या उघड्या छातीवर बांधले. ऊब मिळाली, दूध मिळाले, आणि आईला मूल मिळाले! २०२१ साली पाच देशांतल्या तीन हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. जन्मल्यापासूनच छातीशी धरलेल्या अशक्त मुलांत मृत्यूचे प्रमाण शेकडा १५.७ ऐवजी १२ आढळले. आई निजली असेल, तर बापाच्या छातीवरही ही ऊब देता येते.

यंदा ज्या घरी बाळाची पहिली दिवाळी आहे, तिथे पाहुण्यांनी ‘लळा लागला ना गं?’ असे विचारून सूनबाईची परीक्षा घेऊ नये. तिच्या हातचे काम काढून घ्यावे आणि तिथे बाळ द्यावे. मनाचे मळभ दोन आठवड्यांत ओसरले नाही, तर दृष्ट काढीत न बसता डॉक्टरांना दाखवावे. एरवी माया धरायला तिला सवड द्यावी. तिच्या मनाभोवती काचेची पेटी उभी राहू नये, एवढे घरच्यांच्या हाती आहे.