गज सरळ धरा, पूर मोजायचाय

चपला इथेच ठेवा, मोबाइलही ठेवा. 1880 च्या आसपासचा चैत्र आहे, नागपूर–राजनांदगाव रेल्वेची आखणी चालू आहे, आणि दरेकशाच्या डोंगराखालच्या एका नाल्यात तुम्ही खलाशी म्हणून लागला आहात. काम सोपं: आकडे रंगवलेला उंच गज सरळ धरायचा आणि साहेब दुर्बिणीतून बघेपर्यंत हलायचं नाही.

पहाटे बरं होतं. बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचत होत्या, त्या गोड-आंबूस वासानं डोकं जरा हलकं झालं होतं. आता रेती तळपायांना चटके देते, घाम डोळ्यांत उतरतो, चिलटं कानात शिरतात आणि दोन्ही हात गजाला अडकलेले. समोर नाला म्हणाल तर एक डबकं, त्यात चार म्हशी. याच्यावर भलामोठा पूल बांधायचा? तुम्हाला हसू येतं. हसू नका, गज हलतो.

कारण श्रावणात हाच नाला दांडगाई करतो. वर डोंगरात पाऊस कोसळला की तासा-दोन तासांत लोंढा येतो, काठची झाडं उपटतो, आणि संध्याकाळी पोरं तिथेच मासे धरतात. मोजणारा पोचेपर्यंत मोजायला काही उरतच नाही. या नाल्याची नोंद कुठल्याही कचेरीत नाही. आहे ती गावाच्या डोक्यात.

म्हणून गाव बोलावलंय. आलं ते सगळंच आलं: म्हातारे, पोरं, कुत्री, विडीचा धूर. एक जण दरडीच्या काठाकडे हात करतो, दुसरा त्याच्या डोक्याच्याही वर. पूर आणि वाघ, सांगताना दोन्ही वाढतात. साहेब मुरलेला आहे. तो एकेकाला बाजूला घेऊन तेच विचारतो. शेवटी एक आजी सगळ्यांना ढकलून पुढे येते, काठीनं जांभळाचं बेचकं दाखवते. "अठीपर्यंत आलं होतं पानी. माहा बैल गेला ना त्यात."

चढा मग. सालीवर लाल मुंग्या, गुडघा खरचटतो. बेचक्यात वाळक्या गवताचा गुंता घट्ट रुतलेला, बोटांनी उचकला तर गाळाची भुकटी तोंडावर. खोडाची वरच्या अंगाची साल ओंडक्यांनी घासून काढलेली. म्हातारी खरं बोलते.

खालच्या अंगाला, पाचशे फुटांवर, दुसऱ्या झाडावर तसाच कचरा सापडतो. तेवढ्या अंतरात दोन खुणांच्या उंचीत पडलेला फरक म्हणजे पुराच्या पाण्याचा उतार. साखळीनं पात्र मोजलं: खुणेपाशी रुंदी 120 फूट, सरासरी खोली 7 फूट. झालं 840 चौरस फूट. उतार आणि तळातले धोंडे बघून साहेब वेग धरतो सेकंदाला 10 फूट. गुणा: सेकंदाला 8,400 घनफूट.

मग तो तंबूच्या सावलीत वही उघडतो. कर्नल डिकन्सचं सूत्र 1865 चं: पाणलोटाचे चौरस मैल घ्या, त्यांचा पाऊण घात करा, 825 नं गुणा. इथला पाणलोट 16 चौरस मैल, पाऊण घात 8, म्हणजे 6,600. घात पाऊणच का, तर क्षेत्र वाढलं तरी सगळीकडे एकदम पावसाचा तेवढाच जोर होत नाही. 256 चौरस मैलांना, म्हणजे सोळापट क्षेत्राला, पूर आठपटच निघतो. गणित देखणं आहे. पण तो 825 चा आकडा बंगालकडच्या नद्यांवरून बसवलेला. दरेकशाचा खडा उतार त्याला कुठून ठाऊक?

6,600 की 8,400? ओव्हरसियरला पहिला आकडा आवडतो, कमी दगड, कमी चुना. साहेब पेन्सिल चावतो, पुन्हा जांभळाकडे बघतो, आणि 8,400 लिहून त्याखाली रेघ ओढतो. पुलाला एक गाळा वाढला. ओव्हरसियर पुटपुटत पाणी प्यायला जातो. मजुरांच्या घोळक्यात मात्र कुजबुज सुरू: एक गाळा म्हणजे आणखी महिनाभर तरी रोजी.

तुम्ही पेज प्या पटकन. बाघ नदीपर्यंत असे नाले अजून आहेत, आणि गज तुमच्याच खांद्यावर आहे.