‘ॲव्हरेज’ नावाचा निकष

नवी मोटारसायकल दारात उभी राहिली की पेढा हातात पडण्याआधीच पाहुणा विचारतो, ‘किती ॲव्हरेज देते?’ ब्रेक कसे आहेत, मागे बसणाऱ्याला जागा किती आहे, हे प्रश्न नंतरचे. बहुधा ते विचारले जातच नाहीत. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ केवळ सरासरी. कशाची सरासरी हे सांगितल्याशिवाय तो अपुराच राहतो. आपल्या बोलण्यात मात्र तो एका लीटर पेट्रोलमध्ये कापलेल्या किलोमीटरांचे नाव होऊन बसला आहे. फारसीतून आलेला ‘सरासरी’ हा शब्द हाताशी असूनही या कामी आपण तो कधी वापरला नाही. गुणांची सरासरी निघते, गाडीचे ॲव्हरेज. त्यातही क्रियापद पाहण्यासारखे आहे. गाडी ॲव्हरेज ‘देते’, जशी गाय दूध देते. म्हणजे जी गोष्ट रस्ता, ओझे, चालवणाऱ्याचा हात आणि हवामान यांच्यावर अवलंबून असते, ती आपण वाहनाचा स्वभावधर्म मानून मोकळे झालो आहोत.

हा निकष फार जुना नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मोटारसायकल म्हणजे मद्रासची एनफिल्ड बुलेट, म्हैसूरची जावा (नंतरची येझदी) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत. बुलेट रुबाबाची, आणि राजदूत म्हटले की आजही डोळ्यांसमोर येतो तो दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेला गवळी. तेव्हाची पारख दणकटपणाची होती. गाडी ओझे ओढते का, गावातल्या मिस्त्रीला उघडता येते का, एवढे बघितले जाई. शहरी मध्यमवर्गाने तर मोटारसायकलीपेक्षा स्कूटर जवळ केली. १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत. ज्या बाजारात वस्तू मिळणे हेच भाग्य, तिथे चिकित्सा कसली करणार? स्कूटर सुरू होईना तर ती डावीकडे वाकडी करावी, पुन्हा उभी करावी आणि किक मारावी, हा विधी सगळ्यांनाच अवगत होता आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

१९७३च्या तेलसंकटाने पेट्रोलची किंमत घराघरांत जाणवू लागली. तरी निवड करण्याजोगे काही समोर यायला आणखी दहा वर्षे जावी लागली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी दुचाकींसाठी परदेशी सहकार्याला वाट मोकळी झाली ती १०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना. म्हणून त्या काळात आलेल्या जपानी वंशाच्या चारही गाड्या शंभरच्या : इंड-सुझुकी, यामाहाची आरएक्स १००, कावासाकी बजाज आणि १९८५ सालची हिरो होंडा सीडी १००. यांतल्या पहिल्या तीन टू स्ट्रोक. फोर स्ट्रोक एकटी सीडी १००.

हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा इतिहास त्यातून निघाला. टू स्ट्रोक इंजिनात जळालेला धूर बाहेर ढकलण्याचे काम नव्याने आत येणारे मिश्रणच करते. त्या धक्काबुक्कीत थोडे न जळलेले पेट्रोलही धुराबरोबर निसटते. शिवाय वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच जळते. टू टी ऑइलचा तो निळसर धूर चाळिशी ओलांडलेल्या वाचकांच्या नाकात अजून असेल. फोर स्ट्रोकमध्ये आत घेणे आणि बाहेर टाकणे या क्रिया वेगवेगळ्या फेऱ्यांत होतात, म्हणून गळती थांबते. मोबदल्यात इंजिन अधिक गुंतागुंतीचे होते आणि तेवढ्याच आकारातून ताकद कमी मिळते. आरएक्स १०० अकरा अश्वशक्तीची, तर सीडी १०० सात-साडेसातची. सोइचिरो होंडा यांनी १९५८च्या सुपर कबसाठी, अवघ्या ५० सीसीच्या गाडीसाठी, फोर स्ट्रोकच निवडले होते. सीडी १००चे आडव्या सिलिंडरचे इंजिन हे त्याच घराण्यातले.

‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ ही तिची जाहिरात गाजली. भरा, झाकण लावा, विसरून जा. माझ्या मते तिचे यश समजण्यासाठी यातल्या तिसऱ्या क्रियापदाकडे पाहावे. तरुणांना आरएक्स १०० हवी होती, हे मान्य. तिचा आवाज आजही लोक आठवून सांगतात. पण महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्याला गाडी लक्षात राहायला नको होती. शिक्षक, कारकून, औषधविक्रेते, विमा एजंट या वर्गाला असे वाहन हवे होते जे रोज चाळीस किलोमीटर नेऊन आणील आणि हिशेबाच्या वहीत कमीत कमी जागा घेईल. त्या कसोटीवर ही गाडी उत्तम होती आणि हा निर्णय द्यायला मला संकोच वाटत नाही. १९९४ साली आलेल्या स्प्लेंडरने तेच ९७.२ सीसीचे इंजिन पुढे नेले. नव्वदीचे दशक संपेपर्यंत देशात मोटारसायकलींचा खप स्कूटरच्या पुढे गेला होता.

आमच्या घरी १९८८ साली आली तीही शंभर सीसीची, फोर स्ट्रोक. वडील फलटणजवळच्या एका गावात शिक्षक. टाकी काठोकाठ भरायची, मीटरचा आकडा लिहायचा, पुढच्या खेपेस पुन्हा काठोकाठ भरायची, मग भागाकार. गाडी रिझर्व्हला लागली की तेही तारखेनिशी लिहायचे. शाळेला जाण्या-येण्यात ६८, ७०, कधी ७२. आखाती युद्धाच्या काळात तर हा भागाकार स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला जाई.

असाच भागाकार, पण अधिक काटेकोर, पुण्यातल्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत होत असे. गाडी रुळांवर बसवून तिला ठरावीक वेगांच्या चक्रातून फिरवायची. इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणून ओळखले जाणारे हे चक्र १०८ सेकंदांचे होते. (जपमाळेचे मणी आठवणे अपरिहार्य आहे.) त्यातला सर्वाधिक वेग ताशी ४२ किलोमीटर. चक्र बनवणाऱ्यांचा यात दोष नाही, शहरातली रहदारी तेव्हा तशीच चाले. पण त्यात घाट नाही, समोरचा वारा नाही, पाठीमागे बसलेले कुटुंब नाही. जाहिरातीतला आकडा आणि वहीतला आकडा यांच्यातल्या तफावतीचे एक मोठे कारण इथे आहे. पुढे जागतिक पातळीवरचे नवे चाचणीचक्र लागू झाले, २०२०च्या बीएस-६ नियमांबरोबर कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्याबरोबर चोकही.

एकाच निकषावर कलाकृती तोलणाऱ्या समीक्षेचे जे होते, तेच इथेही झाले : निकषाबाहेरचे दिसेनासे झाले. ग्राहकाने धुराबद्दल विचारले नाही. टू स्ट्रोक मागे पडली त्यात पेट्रोलच्या खर्चाइतकाच वाटा १९९१पासून टप्प्याटप्प्याने कडक होत गेलेल्या प्रदूषण-नियमांचा होता. ब्रेकबद्दलही विचारले नाही. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस मिळाला तो कायद्याने, एप्रिल २०१९पासून सरसकट. आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसणारी बाई? तिची नोंद घेतली १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी. पिलियनला धरायला पकड हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्मे तरी झाकलेले हवे. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो त्या जाळीमागे हा नियम आहे. पारख करणारे बहुतेक पुरुष होते आणि पुढे बसणारे होते, हे विसरून ‘ॲव्हरेज’चा इतिहास लिहिता येणार नाही.

हे मला उशिरा कळले, आणि तेही वहीमुळेच. वडील गेल्यानंतर ती चाळताना मे १९९१ची नोंद सापडली : ‘फलटण–वाई–पाचगणी. ॲव्हरेज ५८.’ चौघे एका गाडीवर, सोबत कपड्यांची पिशवी. कायद्यात बसणारे नव्हते, पण तेव्हा आमच्या ओळखीतली सगळीच कुटुंबे अशी सहलीला जात. पसरणीच्या घाटात निम्म्यावर इंजिन दुसऱ्या गिअरलाही दम टाकू लागले. आई आणि मी उतरलो. वडील धाकट्या बहिणीला घेऊन पुढच्या वळणावर जाऊन थांबायचे, आम्ही पोचलो की सपाट तुकड्यापुरते पुन्हा चौघे. असे चार-पाच वेळा झाले. भर उन्हात आईच्या पायांत साध्या चपला होत्या. वहीत याविषयी अक्षर नाही. त्या ५८मध्ये आम्ही चाललेला घाट धरलेलाच नाही; उलट, आम्ही उतरल्यामुळेच तो आकडा तेवढा राहिला असणार.

मध्यंतरी आईला विचारले, ‘ती गाडी कशी होती गं?’

‘चांगली होती,’ ती म्हणाली. ‘पण मागची सीट आखूड होती. तुम्ही दोघं बसलात की मला नीट टेकताच यायचं नाही. त्यांना मी एकदा सांगितलं होतं.’