रंधा : जुना कीं नवा ?
जुन्नर-आंबेगांवकडील सुताराच्या एका हत्याराविषयीं

घोडेगांव येथील आमच्या एका स्नेह्यांकडे जाण्याचा योग आला असतां त्यांनीं आमच्यापुढें दोन रंधे आणून ठेविले. एक लांकडी, पाचरीनें पातें आवळण्याचा. दुसरा ओतीव लोखंडाचा, अमेरिकन धर्तीचा. दोन्ही जुन्या वाड्याच्या माळ्यावर निघालेले. स्नेह्यांस वाड्याचा दरवाजा दुरुस्त करावयाचा होता व संग्रहांतील पोथ्यांच्या फळ्या वाकल्या होत्या त्या सरळ करावयाच्या होत्या. हे रंधे दुरुस्त करून वापरावे कीं बाजारांतून नवा आणावा, असें त्यांनीं विचारिलें. प्रश्न सुताराचा असल्यानें तो या पृष्ठांत कशास, अशी शंका वाचकांस येणें साहजिक आहे. परंतु हत्याराची परीक्षा व पोथीची परीक्षा यांत पुष्कळ साम्य असून एकींतील चूक दुसरीस कशी भोंवते, हें आम्हीं स्वतः अनुभविलें आहे. तो वृत्तांत शेवटीं येईल.

१. शब्द व वस्तु

सुतारकामाच्या शब्दांत दोन थर दिसतात. 'सुतार' हें सूत्रधाराचें रूप, 'करवत' हें करपत्राचें, व 'तासणें' हें तक्ष् धातूपासून निघालेलें. अमरकोशांत सुतारास तक्षन्, वर्धकि, त्वष्टृ, रथकार हीं नांवें असून करपत्र, क्रकच, वृक्षादन, टंक या हत्यारांचाही उल्लेख आहे; रंध्याचें नांव मात्र आम्हांस तेथें आढळलें नाहीं. रंध्याच्या पोटास भोंक असतें म्हणून त्याचें नातें 'रंध्र' शब्दाशीं जोडण्याचा मोह संस्कृताभ्यासकास होतो. आम्हांसही तो झाला होता. परंतु हा शब्द फारसी 'रंदा' होय. त्या भाषेंत 'रंदीदन' म्हणजे खरवडणें. काटकोन पाहण्याचा 'गुण्या' हाही फारसी 'गूनिया'च. एकूण चिरणें व तासणें यांचे शब्द संस्कृतोद्भव, आणि गुळगुळीत करणें व काटकोन साधणें यांचे फारसी, अशी वांटणी झालेली दिसते.

मलिक अहमदानें शके १४१२ (इ. स. १४९०) मध्यें निजामशाही स्थापिली तेव्हां तिची पहिली राजधानी जुन्नर होती, १४९४ मध्यें अहमदनगर वसविण्यास आरंभ झाल्यावर ती तिकडे गेली. इकडील कारागिरांच्या बोलींत हे शब्द अशा दरबारांच्या बांधकामांमुळें रुळले असावे. हा तर्क आहे, पुरावा नव्हे.

तथापि शब्द परका म्हणून वस्तूही परकी, असें अनुमान काढूं नये. कार्ले येथील चैत्यगृहावर धेनुकाकटच्या सामि नांवाच्या वर्धकीनें द्वारमुख केल्याचा लेख आहे, आणि त्या चैत्याच्या छतांतील लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें टिकून आहेत. खुद्द जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत बांबूचें काम करणाऱ्यांची व कांसारांची श्रेणी उल्लेखिलेली आहे. युरोपांत तर इ. स. ७९ मध्यें गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरांतही रंधे सांपडले आहेत. म्हणून नांवाचा काळ व वस्तूचा काळ निरनिराळा धरावा.

२. दोन रंध्यांची घडण

लांकडी रंध्याचा ठोकळा शिसव, बाभूळ यांसारख्या घट्ट लांकडाचा असतो. पातें साधारणतः ४५ अंशांच्या उतारावर बसवून पाचरीनें आवळतात. पात्याच्या डोक्यावर हलकी ठोक दिली कीं तें खालीं उतरतें. ठोकळ्याच्या मागल्या टोकावर दिली कीं मागें सरतें. जुनें पातें जाड असून बहुधा दोन धातूंचें असतें : अंग मऊ लोखंडाचें व धारेकडे पोलादाची पट्टी तापवून जोडलेली. अशी पट्टी झिजून संपली कीं निसण्यावर कितीही घांसलें तरी धार टिकत नाहीं. विकत घेणारा पात्याची लांबी पाहतो. पाहावयाचें असतें तें उरलेलें पोलाद.

लोखंडी रंध्याची आज रूढ असलेली घडण लेनर्ड बेली या अमेरिकन कारागिराची. १८५८ ते १८६७ च्या दरम्यान त्यानें पेटंटें घेतलीं व १८६९ मध्यें स्टॅन्ले कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला. यांत पातें पातळ व सर्व पोलादी असून स्क्रूनें खालींवर होतें. ठोकण्याचें कसब नसलें तरी काम चालतें, हा याचा मोठा गुण. दोष असा कीं साधें ओतीव लोखंड ठिसूळ असल्यानें रंधा फरशीवर पडला तर तोंडापाशीं तडकतो.

या दोहोंच्या गुणदोषांत आमच्या तालुक्यांच्या हवेचाही भाग आहे. जुन्नर व आंबेगांव यांची पश्चिम बाजू सह्याद्रीच्या धारेस लागून असल्यानें तेथें पाऊस अतोनात. पूर्व बाजू कोरडी. लांकडी ठोकळा पावसाळ्यांत फुगतो व उन्हाळ्यांत आक्रसतो, त्यामुळें त्याचा तळ सपाट राहत नाहीं. तो पुन्हा रंधून सरळ करितां येतो. पण तळ झिजला कीं तोंड रुंद होतें, व तोंड रुंद झालें कीं लांकडाचे तंतू पात्यापुढें उपटून येतात. म्हणून जुने सुतार तोंडापुढें घट्ट लांकडाचा तुकडा बसवीत. लोखंडी रंध्यास ही पीडा नाहीं. त्यास गंजाची आहे, आणि तेलाच्या फडक्यानें तिचें निवारण होतें.

३. काळनिर्णय

संग्राहकांची फसगत बहुधा तीन ठिकाणीं होते.

पहिलें, पेटंटाचें साल. स्टॅन्लेच्या कांहीं रंध्यांवर १९०२ व १९१० सालच्या पेटंटांच्या तारखा ओतलेल्या असतात. त्यावरून रंधा १९१० चा, असें म्हणणें म्हणजे नकललेल्या पोथींत मूळ प्रतीची मिती पाहून नक्कलही त्याच मितीची मानण्यासारखें आहे. त्या तारखेपूर्वींचा तो नाहीं, इतकेंच तिजवरून ठरतें.

दुसरें, पातें. तें झिजतें व बदलतें. शेफील्डच्या शिक्क्याचें पातें गांवांतल्या ठोकळ्यांत, किंवा जुन्या ठोकळ्यांत कालचें पातें, ही नित्याची गोष्ट आहे. गहाळ पानें दुसऱ्या हाताचीं घालून पुरी केलेली पोथी आपण जशी पानापानानें तपासतों, तसा रंधा भागाभागानें तपासावा.

तिसरें, रंधलेलें लांकूड. दिवा आडवा धरून फळीवर उजेड तिरपा टाकावा. वांकसानें तासलेल्या लांकडावर उथळ खळगे दिसतात. हातरंध्यानें लांबच लांब पट्टे उठतात व दोन पट्ट्यांमधील बारीक कंगोरा बोटास कळतो. यंत्राच्या फिरत्या पात्यांनीं मात्र समान अंतरावर आडव्या लहरी उमटतात; गोल करवतीच्या खुणा कमानदार असतात. दोनशें वर्षांची म्हणून दाखविलेली पोथीची फळी अशा लहरींची निघाली, तर पोथी जुनी असेल पण फळी नवी, असें समजावें.

४. निवड

यावरून आम्हीं स्नेह्यांस जो सल्ला दिला तो असा. रंध्याची निवड वयावरून करूं नये. पात्यांत पोलाद उरलें आहे काय, तळ सपाट आहे किंवा होण्याजोगा आहे काय, आणि तोंड अरुंद व अभंग आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे. तिहींचें उत्तर होकारार्थी असेल तर जुना रंधा नव्यापेक्षां उणा नाहीं; पुष्कळदां सरसच, कारण बाजारांतील स्वस्त नव्या रंध्यांचा तळ अनेकदां वाकडा व पातें नरम असतें. उत्तम नवे रंधे परदेशांत आजही होतात, व त्यांचें अंग न तडकणाऱ्या चिवट लोखंडाचें असतें. पण किंमत फार. ज्यास जुना रंधा ठाकठीक करण्यास सवड किंवा कसब नाहीं, त्यानें चांगला नवा घ्यावा, यांत कमीपणा नाहीं. सागाच्या लांकडांत वाळूसारखा कण असल्यामुळें धार लवकर मरते. म्हणून रंधा कोणताही असो, निसणा हाताशीं पाहिजेच.

परंतु ज्या जुन्या रंध्यावर मालकाचें नांव, खुणा किंवा मोजमापाच्या रेघा असतील, तो घांसून चकचकीत करूं नये. तो लेख आहे. त्याचें माप, शिक्के व खुणा टिपून तो तसाच ठेवावा आणि कामास दुसरा घ्यावा. स्नेह्यांच्या लांकडी रंध्याच्या माथ्यावर अशा खुणा होत्या. तो आम्हीं ठेवून देण्यास सांगितलें. लोखंडी रंधा दरवाज्याच्या कामास लागला.

५. आमची चूक व विनंती

पोथीच्या फळ्यांस मात्र कोणताच रंधा लावूं नये, असें आम्हीं निक्षून सांगितलें. त्याचें कारण असें. शिक्षकीच्या काळांत आमच्याजवळील एका पोथीच्या दोन फळ्या वाकल्या होत्या. आम्हीं त्या सरळ करून घेतल्या. काम उत्तम झालें. घरीं आल्यावर लक्षांत आलें कीं एका फळीच्या आंतल्या अंगास पुसट अक्षरांची ओळ होती. ती वाचूं वाचूं म्हणतां राहिली होती. परत जाऊन पाहतों तों रंध्याखालची वेटोळी साल चुलींत गेलेली. लेखक कोण, पोथी कोणाची, हें त्या ओळींत असेल किंवा नसेल. सुताराचा यांत कांहीं दोष नाहीं. फळी त्याच्या हातीं आम्हीं दिली.

घोड नदीवरील डिंभे धरण २००० सालीं पुरें झालें. मूळ आंबेगांव त्याच्या जलाशयाखालीं गेलें आहे. दोन्ही तालुक्यांत जुने वाडे पडत आहेत, व त्यांतील हत्यारें भंगारांत वजनावर जातात. संग्राहकांनीं कागद शोधतांना माळ्यावरची सुताराची पेटीही उघडून पाहावी. तींतील नांवें, शिक्के व खुणा टिपून घ्याव्या. आणि रंधा लाविण्यापूर्वीं प्रत्येक फळीच्या दोन्ही बाजू उजेडांत धरून वाचाव्या, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों.