नाणेघाट ते गावची पायवाट



कल्याण म्हटलं की आपल्याला रेल्वेचं मोठं जंक्शन आठवतं. पण आगगाडी यायच्या कितीतरी शतकं आधी कल्याण हे वाटांचं जंक्शन होतं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी पुस्तकात कल्याण बंदराचं नाव आहे. खाडीतून गलबतं यायची. माल बैलांच्या पाठीवर चढायचा आणि आजच्या मुरबाड, टोकावडे, वैशाखरे या बाजूने नाणेघाटाच्या पायथ्याशी पोचायचा. घाट चढला की जुन्नर आणि त्याही पुढे पैठण.

ही वाट इतकी वर्षं टिकली कशी? वाटेत चढणाऱ्याची सोय होती. खडकात कोरलेली पाण्याची टाकी होती, टेकायला लेणं होतं. माथ्यावर दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडायची असं सांगतात. आणि त्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिने केलेले यज्ञ, दान दिलेल्या गायी, हत्ती, घोडे, नाणी, सगळं आकड्यांसकट कोरलेलं. दोन हजार वर्षांपूर्वी एका बाईचा कारभार दगडावर लिहिला गेला, तोही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेवर! कान्हेरीच्या लेण्यांतही दान देणाऱ्यांत कल्याणची माणसं आहेत आणि बायकाही आहेत.

मग काळ बदलला. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. 1854 साली रूळ कल्याणला पोचले, 1865 साली थळघाट चढून वर गेले. व्यापार रुळांवर गेला, बैलांचे तांडे थांबले. पण पायवाटा थांबल्या नाहीत. डोक्यावर भाजीची पाटी, काखेत पोर, हातात हंडा घेऊन त्या वाटा जागत्या ठेवल्या त्या आपल्या आज्यांनी.

आज त्याच वाटांवर कुठे कुंपण पडतं, कुठे भिंत उभी राहते. रस्ता रुंद होतो, पण चालणाऱ्या बाईला आणि सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरीला कडेला जागा राहत नाही. वाट मध्येच एका ठिकाणी तुटली, की उरलेली सगळी वाट असून नसल्यासारखी होते.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. गावनकाशावर तुटक रेषा असतात. एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, दुहेरी म्हणजे गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वा आठ फूट धरतात. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर 1906 च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीला तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावचा नकाशा मागवा. गटातल्या म्हाताऱ्या बायकांना मध्ये बसवा. शाळा, विहीर, दवाखाना, बाजार, एसटीचा थांबा यांना जोडणाऱ्या वाटा त्यांच्याकडून विचारून घ्या आणि नकाशाशी ताडून पाहा. कुठली तुटली, ते लिहून काढा आणि तो कागद ग्रामसभेत मांडा. नागनिकेने आपला हिशेब दगडावर कोरून ठेवला. आपल्याला वहीचं एक पान पुरेल.