पर्च्यावरचा नंबर

लखनौच्या रायबरेली रोडवर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. शहरात तिला नुसतं ‘पीजीआय’ म्हणतात. पूर्व उत्तर प्रदेशापासून बिहारपर्यंतचे पेशंट इथे येतात आणि डॉक्टरच्या आधी त्यांची गाठ पडते ती खिडकीमागच्या नोंदणी कर्मचाऱ्याशी. नाव, वय, बाप किंवा नवरा, गाव, जिल्हा. एवढं टाइप झालं की पर्चा निघतो. आपण ससूनला किंवा केईएमला केसपेपर काढतो तोच प्रकार. त्यावर सीआर नंबर असतो, म्हणजे सेंट्रल रजिस्ट्रेशन नंबर. तपासण्या, रिपोर्ट, भरलेले पैसे, पुढल्या तारखा, सगळं त्या नंबरावर चढतं. पर्चा हरवला तर दुसरा मिळतो. नंबर मात्र जपायचा, असं जुने पेशंट नव्यांना रांगेतच बजावतात.

एका माणसाला एकच नंबर, आणि तोही कायमचा, ही कल्पना आज इतकी साधी वाटते की ती कुणाला तरी सुचावी लागली असेल असं मनातही येत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या इस्पितळांत असं काही नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने इस्पितळांवरच्या पुस्तकाच्या १८६३च्या आवृत्तीत तक्रार केली होती, की तुलना करण्याजोग्या नोंदी शोधायला जावं तर हाती फारसं काही लागत नाही. नोंदी नव्हत्या असं नव्हे. त्या डॉक्टरांच्या जाडजूड वह्यांत तारखेच्या क्रमाने पडून होत्या. तोच रोगी दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेला की दुसऱ्या वहीत, दुसऱ्या पानावर. त्याची आधीची हकिगत शोधायची तर तो कधी आला होता हे त्यालाच आठवावं लागे.

हा गुंता सोडवला अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. हेन्री प्लमर यांनी, १९०७ साली. कारखाने आणि व्यापारी कचेऱ्या आपले कागद कसे ठेवतात ते त्यांनी पाहिलं आणि वह्या बाद केल्या. प्रत्येक रोग्याला एक नंबर, त्या नंबराचं एक पाकीट, आणि कुठल्याही विभागाने लिहिलेला कागद त्याच पाकिटात. आपल्या सातबाऱ्यासारखंच हे: मालक बदलो, पीक बदलो, गट नंबर जमिनीला चिकटलेला. श्रेय प्लमरना मिळतं ते योग्यच आहे. पण पाकिटं लावायची, रोग आणि शस्त्रक्रियांप्रमाणे त्यांच्या सूची करायच्या, हे काम मेबल रूट या सहकारी बाईंनी उभं केलं. नोंदणीच्या इतिहासात अशी नावं नेहमी दुसऱ्या वाक्यात येतात.

नंबर दिला म्हणून फाइल सापडत नाही, हे रेकॉर्ड रूममध्ये काम केलेल्याला सांगावं लागत नाही. सरळ क्रमाने फाइली लावल्या तर नव्या नंबरांच्या टोकाला सगळी गर्दी होते आणि जुनी कपाटं धूळ खातात. म्हणून एक युक्ती निघाली: नंबर उलटा वाचायचा. १२-३४-५६ या नंबराची फाइल आधी ५६च्या विभागात, तिथे ३४च्या कप्प्यात, मग बारावी. असे शंभर विभाग होतात आणि रोजच्या नव्या फाइली त्यांत आपोआप सारख्या वाटल्या जातात. कामही सारखं वाटलं जातं. चुकीच्या जागी गेलेली फाइल कुणाच्या हातून गेली, तेही कळतं. (ही दुसरी सोय साहेबांना जास्त आवडली असणार.)

लखनौला इस्पितळं जुनीच. किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजची पायाभरणी १९०५ची आणि अध्यापन १९११पासून. पीजीआय त्यामानाने कालचं. १९८३च्या राज्य कायद्याने उभं राहिलेलं. पण संगणकाच्या बाबतीत त्याने थोरल्याला मागे टाकलं. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या आणि ‘परम’ महासंगणकाने नाव कमावलेल्या सी-डॅकने १९९०च्या दशकात आपली पहिली संपूर्ण देशी रुग्णालय माहिती प्रणाली याच संस्थेसोबत विकसित केली. आज देशभरच्या सरकारी इस्पितळांत नोंदणीच्या खिडक्या संगणकावर चालतात. त्या कुळाची एक मोठी मुळी लखनौत आहे आणि तिचं पाणी पुण्याचं.

संगणकाने पाकीट पातळ केलं, पण नावांचा प्रश्न सोडवला नाही. मराठी नावात बापाचं किंवा नवऱ्याचं नाव गुंफलेलंच असतं. अवधात सुनीता देवी ही नुसती सुनीता देवी असते, आणि एका सकाळच्या रांगेत अशा दोघी-तिघी सहज निघतात. त्यात श्रीवास्तव रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहितात. उच्चारावरून नावं शोधण्याची ‘साउंडेक्स’ पद्धत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली होती. तिच्या वंशातली तंत्रं आजही वापरात आहेत. तरीही ‘पति का नाम?’ हा प्रश्न मोठ्याने विचारणारा कर्मचारी अजून लागतोच. वय विचारल्यावर ‘होगा पचास-पचपन’ असं उत्तर आलं, तर त्यातून आकडाही त्यालाच काढायचा असतो.

आता केंद्र सरकारचा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक आला आहे. इस्पितळाच्या दारावरचा क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घ्यायची सोय २०२२मध्ये सुरू झाली. प्लमरचा नंबर एका इस्पितळापुरता होता. हा देशभर चालावा अशी अपेक्षा आहे. तरी प्रत्येक इस्पितळ आपला नंबर देतंच, आणि दोन्ही जुळवायचं काम खिडकीवर येतं. एकाच बाईचे दोन नंबर निघाले तर ते पुढे जोडता येतात. फार तर एक तपासणी दोनदा होते. दोन बायका एका नंबरात शिरल्या तर मात्र कुठला रक्तगट कुणाचा, कुठल्या औषधाची ॲलर्जी कुणाला, हे सोडवायला एकेक नोंद उलगडत मागे जावं लागतं. म्हणून मुरलेला कर्मचारी शंका आली की दोन्ही नोंदी जोडत नाही; नवा नंबर देतो.